नवतप्यात पाच गिगाहर्ट्झ

संगणकातली उष्णता म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर धूर येतो. त्याला कारणही आहे. २००१ साली टॉम्स हार्डवेअरच्या चाचणीकारांनी चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून बाजूला ठेवला आणि काय होतं ते कॅमेऱ्यात टिपलं. एएमडीचा ॲथलॉन क्षणार्धात धूर सोडून कायमचा गेला. इंटेलचा पेन्टियम ४ वेग उतरवून चालत राहिला. ती चित्रफीत जगभर फिरली आणि ‘तापला की जळतो’ हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. आजचा प्रोसेसर मात्र स्वतःला सहसा जळू देत नाही. मर्यादेला टेकला की तो आपणहून हळू होतो, त्याच्याही वर गेला तर मशीनच बंद करतो. म्हणून ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसर नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्या पोरांना वाटतं, की फार तर काय, मशीन बंद पडेल.

मला त्यांना सांगायचं आहे ते त्यापलीकडचं. खालच्या घटनाक्रमातलं नागपूरचं घर आणि त्यातली माणसं मी रचलेली आहेत. यंत्र मात्र जसं वागतं तसंच इथे वागलं आहे. त्या रात्री काही जळालं नाही, धूर निघाला नाही, संगणक एकदाही बंद पडला नाही. सकाळी ६.१० ला जे गेलं ते परत येणार नव्हतं.

चार महिने आधी, जानेवारीतली एक रात्र

नागपूरच्या थंडीतली रात्र. मुलाच्या खोलीत १७ अंश. टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये इंटेलचा कोअर आय७-८७००के, २०१७ च्या ऑक्टोबरात बाजारात आलेला, सहा कोअरचा. नावातल्या ‘के’चा अर्थ, मल्टिप्लायर मोकळा आहे. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं. त्याला ५० ने गुणलं की ५ गिगाहर्ट्झ. सहाही कोअर एकदम कामाला लागले की कंपनीच्या नेमणुकीप्रमाणे हा प्रोसेसर ४.३ वर चालतो. मुलगा बायोसमध्ये जाऊन ५० टाकतो.

नुसता आकडा बदलून भागत नाही. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. १.२५ व्होल्टला विंडोज सुरूच होत नाही. १.३० ला निळी स्क्रीन. १.३५ ला मशीन उभं राहतं.

इथे एक हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.३ वर १.१५ व्होल्ट पुरत होते असं धरू. वेग वाढला १६ टक्के. व्होल्टेजचं गुणोत्तर १.१७, त्याचा वर्ग १.३८. दोन्हींचा गुणाकार १.६. म्हणजे १६ टक्के वेगासाठी ६० टक्के जास्त उष्णता, आणि तापल्यावर ट्रान्झिस्टरमधून जी वीज नुसती झिरपते ती वेगळीच.

ही उष्णता बाहेर काढायची वाटही या पिढीत अरुंद होती. सिलिकॉनचा तुकडा आणि त्यावरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये पूर्वी इंटेल डाख भरत असे. घरगुती प्रोसेसरांमध्ये २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून तिथे साधी पेस्ट आली आणि ती ८७००के पर्यंत राहिली. वर कितीही मोठा हीटसिंक ठेवा, आतली पेस्ट अडवतेच. म्हणून हौशी लोक झाकण पात्याने सोडवून आत द्रवरूप धातू भरत. या मुलाने ते धाडस केलेलं नाही. दुहेरी पंख्याचा चांगला टॉवर कूलर लावला आहे, थर्मल पेस्ट बेताने लावली आहे, हीटसिंकच्या पट्ट्यांची दिशा बरोबर आहे.

मग त्याने प्राइम९५ चालवलं. मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचं हे सॉफ्टवेअर. अवाढव्य संख्यांचे वर्ग करताना ते पावलोपावली स्वतःचंच गणित तपासतं आणि दशांशात ठरावीकपेक्षा जास्त फरक दिसला की तिथेच थांबतं. प्रोसेसरला चुकताना रंगेहाथ पकडणारी सॉफ्टवेअरं फार थोडी आहेत, हे त्यांतलं एक. तीन तास चाललं, एकही चूक नाही, कमाल तापमान ८४. मुलाने कागदावर लिहिलं: ‘५.० / १.३५ / ८४ / स्थिर’. कागद कॅबिनेटला चिकटवला.

बऱ्याच जणांपेक्षा त्याने हे काम नीट केलं होतं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्या कागदावर एकच आकडा राहिला, खोलीचा. तो १७ होता.

शुक्रवार, सकाळी ९.१० – २१ तास आधी

मे महिन्याचा शेवट. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आहे. खिडकीत कूलर, वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा थेट टेबलावर. माणसाला ती सुखाची वाटते. कॅबिनेटमध्ये मात्र याच हवेबरोबर दमटपणा जातो आणि उन्हाळ्यातली बारीक माती जाते. दोन्ही मिळून हीटसिंकच्या पातळ पट्ट्यांवर थर धरतात. कोरडी धूळ फुंकली तर उडते, ही चिकटून बसते. चार महिन्यांत पट्ट्यांमधल्या फटी अर्ध्या बुजल्या आहेत. काहीही काम न करता प्रोसेसर ४८ अंशांवर आहे.

दुपारी ३.१० – १५ तास आधी

बाहेर ४५. कूलर पूर्ण वेगात असूनही खोलीत ३६.

हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. तो खोलीपेक्षा किती अंश वर राहील एवढंच हीटसिंक ठरवतो. जानेवारीत प्राइम९५ चालू असताना तो खोलीपेक्षा ६७ अंश वर होता. तीच ६७ आजच्या ३६ वर ठेवली की १०३ होतात, आणि या प्रोसेसरची मर्यादा १००. पाण्याचं कूलिंग बसवलं असतं तरी हे गणित सुटलं नसतं. पाणी उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, पुढे ती याच खोलीतल्या हवेत सोडायची असते. विक्रम करणारे लोक उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओततात तो यासाठीच, खोलीच्या तापमानाचं बंधन तोडायला. घरात ते चार मिनिटांपुरतंही परवडत नाही.

बाबा पाणी घ्यायला जाताना दारात थांबले. “काहून रे, एवढा आवाज करून राहिला तो डब्बा?”

“उन्हाळा आहे ना बाबा. पंखे जोरात फिरतात.”

“बंद कर थोडा वेळ. आराम दे त्याले.”

बाबांनी एका वाक्यात योग्य ते सांगितलं होतं. मल्टिप्लायर ५० वरून ४५ वर आणि व्होल्टेज १.२० वर, एवढाही आराम पुरला असता. काम दोन मिनिटांचं.

संध्याकाळी ७.४० – साडेदहा तास आधी

गेम चालू असताना आपोआप बंद झाला. संदेश नाही, निळी स्क्रीन नाही, सरळ डेस्कटॉप. मुलाने गेमला दोष दिला, परत सुरू केला.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याच मिनिटाला एक पिवळी नोंद पडली होती: प्रोसेसर कोअर, सुधारलेली हार्डवेअर चूक. प्रोसेसरच्या आतल्या कॅश स्मृतीवर पहारा असतो. साठवलेला बिट उलटा झाला तर तो ओळखता येतो आणि बऱ्याचदा दुरुस्तही होतो. दुरुस्त झाला की विंडोज ही नोंद करून पुढे जातं. नागपुरात, पुण्यात, ठाण्यात ओव्हरक्लॉक केलेले जेवढे संगणक असतील, त्यांच्या मालकांपैकी किती जण ही नोंद उघडून बघतात? माझ्या मते ओव्हरक्लॉकिंग शिकवणाऱ्याने मल्टिप्लायरच्या आधी हे पान दाखवायला हवं. तापमान सगळे बघतात, कारण त्याचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात झळकत असतो. प्रोसेसर स्वतः चुकल्याची कबुली देतो ती मात्र चार खिडक्या आत.

मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००५ साली एक अनुभव लिहून ठेवला आहे. विंडोज कोसळल्याचे जे अहवाल त्यांच्याकडे येत, त्यांतले काही अशक्य कोटीतले होते. एका रजिस्टरमध्ये शून्य भरण्याची सूचना, जिला स्मृतीही लागत नाही, तिच्यावरच प्रोग्राम मेलेला. सूचनेत चूक असणं शक्यच नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की ती यंत्रं ओव्हरक्लॉक केलेली होती, आणि काहींच्या मालकांना ते ठाऊकही नव्हतं. दुकानदाराने परस्पर करून विकलेली होती.

इथे वाचवायची शेवटची सोपी संधी होती. मुलगा रात्री दहापर्यंत खेळला. पुन्हा काही झालं नाही.

रात्री ११.१० – ७ तास आधी

नवा गेम घ्यायचा, त्याला १२० जीबी जागा हवी. एसएसडी ५०० जीबीची आणि भरलेली. सगळ्यात मोठा फोल्डर बाबांचा, १४३ जीबी.

त्यात झाडीपट्टीची नाटकं आहेत. बाबा ब्रह्मपुरीकडे शाळेत शिक्षक होते. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की वडसा, आरमोरी, सिंदेवाही, जिथे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि मंडईची जत्रा असेल तिथे रात्रभर चालणारं नाटक, आणि मंडपाच्या कोपऱ्यात बाबांचा टेपरेकॉर्डर. ९० मिनिटांच्या १५० कॅसेटी. त्यांत गाणी आहेत, तबल्या-पेटीच्या मागे लोकांच्या हाका आहेत, मध्यरात्री पुकारलेली बक्षिसं आहेत. यातल्या बऱ्याच नाटकांची छापील संहिता कधी नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी बाबांनी मुलाकडून एकेक कॅसेट संगणकात उतरवून घेतली. बुरशी धरलेल्या पट्ट्या होत्या, कित्येक त्या शेवटच्या वाजवण्यातच तुटल्या. प्रत्येक बाजूची एक अशा ३०० वेव्ह फाइल. दुसरी प्रत टेबलावरच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर.

मुलाच्या मनात चांगलंच होतं. सगळ्याची मिळून एकच दाबलेली फाइल करू, ती बाहेरच्या डिस्कवर ठेवू, आणि उद्या क्लाउडवरही चढवू, म्हणजे बाबांचा ठेवा घराबाहेरही राहील. मग सुट्या फाइल काढून टाकता येतील.

आवाजाच्या फाइलसाठी त्याने फ्लॅक वापरायला हवं होतं. फ्लॅक आवाज न गमावता जास्त दाबतं, प्रत्येक फाइल वेगळी ठेवतं, मूळ आवाजाची खूण फाइलमध्येच लिहितं आणि सांगितलं तर दाबता दाबताच उलट तपासणीही करतं. पण हाताशी सेव्हन-झिप होतं.

रात्री १२.२५ – पावणेसहा तास आधी

सेव्हन-झिप, कॉम्प्रेशन ‘अल्ट्रा’, सहा कोअरचे बाराही थ्रेड. सुरू.

इगोर पाव्लोव्ह यांचं हे सॉफ्टवेअर दाबताना काय करतं? पुढे येणारा मजकूर मागे कुठे येऊन गेला आहे का ते शोधतं, आणि सापडला तर मजकुराऐवजी ‘इतके बाइट मागे जा, इतके उचल’ एवढंच लिहितं. हे शोधणं सहाही कोअरवर, प्रत्येक सेकंदाला कोट्यवधी तुलना. गेममध्ये प्रोसेसर मधूनमधून श्वास घेतो. इथे सलग साडेतीन तास काम आहे आणि त्यातल्या प्रत्येक उत्तराचा परिणाम पुढच्या उत्तरांवर होणार आहे.

खोली ३५. प्रोसेसर ९४. मुलाने आकडा पाहिला. शंभराच्या आत आहे म्हणून दिवा मालवला आणि कूलर चालू ठेवून बाहेरच्या खोलीत झोपायला गेला.

रात्री २.१० – ४ तास आधी

कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं.

विदर्भात ही रोजची गोष्ट आहे. झोपताना टाकी भरून घ्यायची राहिली की अडीच-तीनच्या सुमाराला ताट्या वाळतात, आणि माणूस घामाने जागा होतो. या खोलीत आज माणूस नाही. पंखा फिरतो आहे, पण आता तो बाहेरची कोरडी गरम हवा आत ओढतो आहे. भिंती दिवसभर तापलेल्या, त्या रात्री उष्णता सोडतात. शिवाय कॅबिनेट स्वतःच दीडशे वॉटहून जास्त उष्णता याच खोलीत ओतत आहे. पाऊण तासात खोली ३९ वर गेली.

प्रोसेसर ९८.

हा आकडा सगळ्यात वाईट. शंभरला प्रोसेसरने आपणहून वेग उतरवला असता आणि त्या उतरलेल्या वेगात गणितं बहुधा बरोबर आली असती. ९८ वर संरक्षण जागं होत नाही. पूर्ण ५ गिगाहर्ट्झ चालू, आणि अंगात जेवढी शक्य तेवढी उष्णता. तापमानाची मर्यादा सिलिकॉन वाचवण्यासाठी आखलेली असते. तुम्ही स्वतः ठरवलेल्या वेगाला आणि व्होल्टेजला त्या तापमानात बेरीज बरोबर येईल, अशी हमी तिच्यात नाही. ती हमी कंपनीच्या स्वतःच्या नेमणुकीपुरती असते.

पहाटे ३.०४ – ३ तास ६ मिनिटं आधी

पाच गिगाहर्ट्झ म्हणजे एका ठोक्याला २०० पिकोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सहा सेंटिमीटर जातो. या अवधीत विजेच्या खुणेने कोअरमधल्या ट्रान्झिस्टरांची एक अख्खी साखळी पार करून पलीकडच्या खणात पोचायचं असतं. ठोका पडला की तो खण त्या क्षणी समोर जे असेल ते उचलतो.

बहुतेक साखळ्या आखूड असतात, त्यांना वेळ उरतो. काही लांब असतात, आणि त्यांतही काही विशिष्ट आकडे आले तरच पूर्ण लांबीचा प्रवास होतो. ९९९९९ मध्ये १ मिळवताना हातचा जसा शेवटपर्यंत सरकत जातो, तसा. प्रोसेसरचा वेग शेवटी या सर्वांत लांब वाटेने ठरतो. सिलिकॉन तापलं की त्याच्या जाळीतले अणू जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉन जास्त अडखळतात. तांब्याच्या तारांचा रोधही वाढतो. जानेवारीत ८४ अंशांवर ही वाट १९० पिकोसेकंदांत संपत होती असं समजा. त्यानंतरचे चार महिने जास्त व्होल्टेज सोसून ट्रान्झिस्टर किंचित सुस्तावले, हेही धरा. आज ९८ वर तीच वाट २०१ घेते.

३ वाजून ४ मिनिटांनी एका कोअरमध्ये अशी एक खूण उशिरा पोचली. खणाने आधीचा बिट उचलला. एकच्या जागी शून्य.

इथे पहारा नव्हता. पहारा कॅशवर असतो, बेरीज करणाऱ्या भागावर घरगुती प्रोसेसरमध्ये तसा नसतो. प्राइम९५ चालू असतं तर ओरडलं असतं. सेव्हन-झिपला दाबताना असं काही कळायचं साधन नाही. ‘इतके बाइट मागे जा’ हा आकडा चुकीचा लिहिला गेला, आणि पुढच्याच ठोक्याला कोअर पुन्हा बरोबर चालू लागला.

हे घरच्या ओव्हरक्लॉकरांपुरतं आहे असं कुणाला वाटू नये. २०२१ साली फेसबुकच्या अभियंत्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या एका यंत्रणेत दाबलेल्या फाइल उलगडताना काही फाइल गायब होत. कित्येक थर खोदत गेल्यावर मूळ सापडलं: एका यंत्राच्या एका कोअरवर १.१ चा ५३ वा घात काढला की पूर्णांक उत्तर १५६ ऐवजी ० येत होतं. ५२ वा घात मात्र बरोबर, १४२. फाइलचा आकार शून्य निघाला म्हणजे ती रिकामी, रिकामी म्हणून तिला पुढे नेलंच नाही. त्याच वर्षी गुगलच्या अभियंत्यांनीही लिहिलं की काही हजार यंत्रांमागे असे मोजके कोअर त्यांना सापडतात. हे प्रोसेसर कंपनीच्या नेमणुकीत चालणारे, वातानुकूलित केंद्रांतले, अभियंत्यांच्या ताफ्याच्या नजरेखालचे. तिथे असा कोअर शोधून बाजूला काढायला माणसं आहेत. घरातल्या पाच गिगाहर्ट्झवर नजर ठेवायला कोणी नाही.

पुढच्या पन्नास मिनिटांत असंच आणखी सहा वेळा झालं.

पहाटे ४.०२ – २ तास ८ मिनिटं आधी

काम संपलं. खिडकी आपोआप मिटली. बाहेरच्या डिस्कवर १२१ जीबीची एक फाइल. प्रोसेसर मोकळा झाला, तापमान साठीच्या खाली आलं.

या घडीला काहीही गेलेलं नव्हतं. मूळ ३०० फाइल एसएसडीवर, त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर. आणि सेव्हन-झिपने फाइल वाचतानाच प्रत्येकीची सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, काढून त्या संग्रहातच ठेवलेली होती. आत काय चुकलं आहे हे ती १२१ जीबीची फाइलच सांगू शकत होती. ‘टेस्ट’ नावाचं बटण आहे. अर्धा-पाऊण तास लागला असता.

सकाळी ५.५० – २० मिनिटं आधी

मुलगा उठला, कूलरची टाकी भरली, स्क्रीन लावली. संग्रह उघडून पाहिला. ३०० नावं, प्रत्येकीसमोर बरोबर आकार. त्याने एक फाइल ओढून बाहेर काढली आणि वाजवली. नाटकाची नांदी, स्वच्छ.

ही पहिलीच फाइल होती. ती रात्री साडेबाराला दाबली गेली होती, टाकीत पाणी असताना.

सकाळी ६.१० – शून्य

एसएसडीवरचा फोल्डर, शिफ्ट-डिलीट. फाइल पुसल्याबरोबर विंडोज एसएसडीला ट्रिम ही आज्ञा पाठवतं: या जागा आता लागत नाहीत. डिस्क त्या रिकाम्या धरते, आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने विचारलं तर बहुधा शून्यं परत देते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेलं काही दिवस तसंच पडून असतं, तशी सवलत इथे नाही.

मग बाहेरच्या डिस्कवरची सुटी प्रत. तीही पुसली. ही डिस्क फिरती होती, तिथे आशा होती. पण जागा झाली म्हणून मुलाने लगेच आपल्या गेमचे व्हिडिओ तिच्यावर हलवायला लावले, ९० जीबी. ते बरोबर त्याच मोकळ्या जागेवर उतरू लागले.

खोली ३३, प्रोसेसर ५५. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये रात्रीतल्या आणखी चार पिवळ्या नोंदी.

नंतर

बाबांनी सव्वाअकराला १९९४ च्या मंडईतली एक रात्र ऐकायला मागितली. सेव्हन-झिपने सांगितलं: सीआरसी जुळत नाही. दुसरी मागितली, तेच.

सेव्हन-झिप फाइलींचे काही जीबींचे गठ्ठे करून दाबतं. गठ्ठ्याच्या मध्ये एक आकडा चुकला की कधी तेवढाच तुकडा बिघडतो, कधी उलगडण्याचा धागाच सुटतो आणि तिथून गठ्ठ्याच्या शेवटापर्यंत नुसता खरखराट उरतो. सात चुकांनी ४१ फाइल गेल्या.

मुलाने एक गोष्ट बरोबर केली, आणि ही कुणालाही उपयोगी पडेल. संग्रह बिघडलाय की उलगडताना प्रोसेसर पुन्हा चुकतोय, हे आधी ठरवायला हवं. त्याने बायोस मूळ नेमणुकीवर आणलं, ४.३ आणि स्वयंचलित व्होल्टेज, पट्ट्या ब्रशने साफ केल्या आणि पूर्ण संग्रहाची टेस्ट केली. मग पुन्हा केली. चूक जर आत्ताची असती तर दर वेळी वेगळ्या फाइलवर आली असती. दोन्ही वेळा तीच ४१ नावं आली. चूक रात्री लिहिली गेली होती. फाइल वाचवणाऱ्या सॉफ्टवेअरने बाहेरच्या डिस्कवरून त्यातल्या १३ मिळाल्या, व्हिडिओ अजून पोचले नव्हते अशा जागेतल्या.

राहिल्या २८. मुलाने त्यांची यादी छापून दिली. बाबांनी प्रत्येक नावापुढे गाव आणि साल लिहिलं, आणि त्या रात्री मंडपात आणखी कोणाकडे टेपरेकॉर्डर होता ते आठवू लागले. सात-आठ नावांपुढे त्यांनी वडशाच्या एका जुन्या पेटीवाल्याचं नाव घातलं. त्याच्या मुलाचा नंबर मिळवायचा आहे.